माळ्यावरचा डिजिटल कॅमेरा पुन्हा चालवताना

रामबाग असो की सुदामानगर, इंदूरच्या मराठी घरांत दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एखादा छोटा डिजिटल कॅमेरा निघतोच. २००३ ते २००८ च्या दरम्यानचा, तीन ते सात मेगापिक्सेलचा, कुणाच्या तरी मुंजीसाठी घेतलेला किंवा अमेरिकेहून आलेल्या मावसभावानं दिलेला. घरातले दोन पेन्सिल सेल (एए आकाराचे) घालून बटण दाबलं की भिंग बाहेर येतं, पडदा क्षणभर उजळतो, सेल बदलायची सूचना दिसते आणि सगळं बंद. मग "गेला हा" म्हणून तो परत माळ्यावर जातो, नाहीतर भंगारवाल्याकडे.

तो गेलेला असेलच असं नाही. हे स्वस्त कॅमेरे मुख्यतः तीन गोष्टींवर अडतात: सेलमधून मिळणारा प्रवाह, कार्डाची जात आणि उजेड. मेगापिक्सेलचा आकडा या तिन्हींच्या नंतर येतो. ही तीन गणितं कळली तर माळ्यावरचा कॅमेराही चालतो आणि जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुना घेताना फसवणूकही होत नाही.

सेल

अल्कलाइन पेन्सिल सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलवर १.२. आकडे पाहून अल्कलाइन जोरकस वाटतो, आणि भिंतीवरच्या घड्याळात तो वर्षभर चालतोही. पण घड्याळाला लागणारा प्रवाह अगदी नाममात्र असतो. कॅमेरा भिंग बाहेर काढताना, झूम करताना आणि फ्लॅश भरताना एक अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह एकदम ओढतो. इथे सेलचा आतला रोध आडवा येतो. गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी पाण्याच्या मोटारी लावल्या की नळाची धार बारीक होते, तसंच सेलमधून एकदम जास्त प्रवाह ओढला की त्याचं व्होल्टेज खाली बसतं.

अर्धवट वापरलेल्या अल्कलाइन सेलचा आतला रोध साधारण ०.३ ओहम धरा आणि व्होल्टेज १.२५. दोन सेल मिळून २.५ व्होल्ट झाले. एक अँपिअर ओढल्यावर त्यातले ०.६ व्होल्ट आतल्या आतच खर्च होतात आणि कॅमेऱ्याला उरतात १.९. दोन सेलांचे बरेच कॅमेरे दोन व्होल्टच्या आसपास आले की स्वतःला बंद करून घेतात. चांगल्या निकेल सेलचा रोध त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा असतो. त्याचे २.४ व्होल्ट ओझ्याखाली २.३ पर्यंतच उतरतात आणि सेल जवळजवळ रिकामा होईपर्यंत तिथेच टिकून राहतात. म्हणूनच कॅमेऱ्यानं नाकारलेले अल्कलाइन सेल घड्याळात पुढे कित्येक महिने चालतात. ते संपलेले नसतात, त्यांना ओझं पेलत नसतं. रिमोटसाठी मिळणारे साधे 'हेवी ड्यूटी' सेल तर या कामाचेच नाहीत, त्यांच्यावर दोन-चार फोटोसुद्धा निघतील याची खात्री देता येत नाही.

तेव्हा पहिली खरेदी चार निकेल सेल आणि एक चांगला चार्जर. सेल 'लो सेल्फ डिस्चार्ज' प्रकारचे घ्या. सान्योनं २००५ मध्ये एनलूप नावानं हा प्रकार बाजारात आणला. त्याआधीचे निकेल सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात बरेच उतरत. क्षमता २००० मिलिअँपिअर-तासाच्या आसपास असली की पुरे. वेष्टनावर ३००० किंवा ४००० छापलेले स्वस्त सेल घेऊ नका, पेन्सिल सेलच्या आकारात निकेलची तेवढी क्षमता बसत नाही.

चार्जर प्रत्येक सेलवर वेगळं लक्ष ठेवणारा आणि भरल्यावर आपोआप थांबणारा हवा. घरात जुना साधा चार्जर असेल तर वेळ स्वतः काढावी लागते: सेलची क्षमता गुणिले १.४, भागिले चार्जरचा प्रवाह. म्हणजे २००० चा सेल आणि २०० मिलिअँपिअरचा चार्जर असेल तर १४ तास. त्यापुढे तो तसाच लावून ठेवला तर सेल तापतात आणि त्यांचं आयुष्य घटतं. चार्जर परदेशातून आलेला असेल तर त्यावर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते आधी वाचा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल.

सेलची जोडी फोडू नका. एक भरलेला आणि एक अर्धा असे एकत्र घातले की अर्धा आधी संपतो, तरी भरलेला त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो आणि संपलेल्याचे ध्रुव उलटे होतात. त्यानं तो कायमचा खराब होतो. जोड्यांवर मार्करनं क, ख अशी खूण करून ठेवली की गोंधळ होत नाही. आणखी एक धोका: पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम-आयन सेल टॉर्चसाठी विकले जातात. असे दोन घातले तर कॅमेऱ्यात तीनऐवजी सात व्होल्टच्या वर जातात आणि सर्किट जळतं.

काही कॅमेऱ्यांच्या सेटअप मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असते. तिथे अल्कलाइन राहिलं असेल तर भरलेले निकेल सेलही रिकामे दाखवले जातात. ती नोंद बदला.

नवे सेल घालूनही काही हालचाल नसेल तर सेलचा कप्पा पाहा. आत राहून गळलेल्या अल्कलाइन सेलमधला पोटॅशियम हायड्रॉक्साइड पत्र्यांवर पांढरा खरखरीत थर धरतो. कानकोरणीच्या कापसावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन तो पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं स्वच्छ करा आणि तासभर वाळू द्या. थर नसेल पण पत्रे काळपट असतील तर खोडरबर पुरतं. कप्प्याच्या झाकणाची कडी हा या कॅमेऱ्यांचा आणखी एक कच्चा दुवा. प्लास्टिकची ती बारीक नखी तुटली की झाकण पुरतं दाबलं जात नाही, आतला छोटा स्विच बसत नाही आणि कॅमेरा सुरूच होत नाही. झाकण बोटानं घट्ट दाबून बटण दाबून पाहा. तेवढ्यानं सुरू झाला तर जाड रबरबँडनं काम भागतं.

चपट्या लिथियम बॅटरीचे कॅमेरेही आहेत. त्यात फुगलेली बॅटरी दिसली तर ती दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. तिच्यावरचा नंबर टिपून घ्या आणि तीच नवी मागा.

कार्ड

फोनमधलं ६४ जीबीचं कार्ड काढून या कॅमेऱ्यात घातलं की 'कार्ड एरर' येतं आणि कॅमेऱ्यावर संशय जातो. दोष पिढीचा असतो. मूळ एसडी कार्डाची मर्यादा २ जीबी होती. ४ ते ३२ जीबीची एसडीएचसी कार्डं २००६ मध्ये आली, आणि त्यापुढची एसडीएक्ससी २००९ मध्ये. बाहेरून तिन्ही सारखी दिसतात, पण क्षमता मोजायची आणि फाइली मांडायची त्यांची रीत वेगळी आहे. २००६ च्या आधी बनलेल्या कॅमेऱ्याला नवी रीत वाचताच येत नाही, आणि स्वस्त मॉडेलांना त्यानंतरही काही काळ ती येत नव्हती. शंका असेल तिथे २ जीबी किंवा त्याहून लहान कार्डच वापरा.

असं कार्ड नव्यानं विकत मिळणं आता कठीण झालंय. मात्र जुन्या बटणांच्या फोनमध्ये १ किंवा २ जीबीचं मायक्रोएसडी असायचं. ते अडॅप्टरमध्ये घालून चालतं, आणि ते फोन बहुधा त्याच माळ्यावर असतात. तीन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात २ जीबीवर हजाराहून जास्त फोटो मावतात, तेव्हा जागा कमी पडेल ही भीती नको.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, संगणकावर नाही. आधी त्यातलं जुनं काही हवंय का ते मात्र तपासा. २००५ च्या गणपतीचे फोटो अशाच कार्डावर सापडतात. चुकून पुसले गेले तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. फॉरमॅट केल्यानं बहुतेक कॅमेऱ्यांत फाइलींची यादी जाते, फोटोंचा मजकूर जागेवरच असतो आणि फोटोरेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरनं बराचसा परत मिळू शकतो. नवा फोटो नेमका त्याच जागेवर लिहिला गेला की जुना संपला.

'कार्ड लॉक्ड' अशी सूचना येत असेल तर कडेची सरकती पट्टी पाहा. ती सैल झाली किंवा पडली की खाच उघडी राहते आणि कॅमेरा कार्डाला कुलूपबंद समजतो. खाचेवर पातळ सेलोटेपचा तुकडा चिकटवला की प्रश्न मिटतो, फक्त मागच्या सोनेरी पट्ट्यांवर टेप जाऊ देऊ नका.

ऑलिम्पस आणि फुजीफिल्मच्या अनेक कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड लागतं. या दोन कंपन्यांनी २००२ मध्ये ते आणलं, पुढे ते २ जीबीच्या वर गेलंच नाही, आणि काही जुन्या कॅमेऱ्यांना तर त्यातलं १ जीबीचंही ओळखता येत नाही. सोनीच्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक लागते. घरचाच कॅमेरा असेल तर ही कार्डं शोधावीत. पहिल्यांदाच जुना विकत घेणाऱ्यानं मात्र पेन्सिल सेल आणि एसडी कार्ड या जोडीचाच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. भिंग कितीही चांगलं असलं तरी कार्डच मिळालं नाही तर त्याचा उपयोग नाही.

विकत घेताना

जेल रोडवर किंवा ओळखीतून जुना कॅमेरा पाहायला जाताना स्वतःचे भरलेले दोन सेल आणि २ जीबीचं कार्ड खिशात ठेवा. "सेल नाहीत, पण चालतो" या शब्दावर पैसे देऊ नका.

सुरू करताना भिंगाचा आवाज ऐका. एकसारखी घरघर ठीक, करकर किंवा अडखळणं म्हणजे गिअरांत धूळ आहे किंवा दात झिजलेत. झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-चार वेळा फिरवा. मग दुकानातून बाहेर येऊन भर उन्हात एक फोटो काढा. पडद्यावर दृश्य नीट दिसतंय पण फोटो पांढराफटक किंवा आडव्या रेघांचा येतोय, म्हणजे यांत्रिक शटर (प्रकाश आत सोडून मिटणारा पडदा) उघडं अडकलंय. याउलट मेनू दिसतो पण दृश्य पूर्ण काळं असेल तर शटर बंद अडकलंय किंवा सेन्सर, म्हणजे भिंगातून आलेला प्रकाश टिपणारी चिप, गेलाय. दोन्ही बाबतींत घेऊ नका. या किमतीच्या कॅमेऱ्यात दुरुस्ती बहुधा कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते.

सेन्सरबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००५ मध्ये सोनी, कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, ऑलिम्पस अशा अनेक कंपन्यांनी जाहीर केलं होतं की साधारण २००२ ते २००४ च्या काळात बनलेल्या काही मॉडेलांतले सोनीनं बनवलेले सीसीडी या प्रकारचे सेन्सर उष्ण आणि दमट हवेत बिघडू शकतात. सेन्सरच्या आवरणातली जोडणी सुटायची. मग चित्र जांभळट व्हायचं, लाटांसारखं वेडंवाकडं दिसायचं किंवा पूर्ण काळं पडायचं. कंपन्यांनी तेव्हा ते मोफत बदलून दिले. ती सोय केव्हाच संपली. आपल्याकडे मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर पारा आणि जुलैत कोंदट हवा, म्हणजे हा दोष बाहेर यायला लागणारी परिस्थिती दरवर्षीच असते. म्हणून कॅमेरा दहा मिनिटं सुरू ठेवा, अंगाला कोमट लागला की पुन्हा फोटो काढून पाहा. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर जांभळा, असा कॅमेरा फुकटही घेऊ नका.

पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढून तो पडद्यावर मोठा करून पाहा. धूसर गोल डाग दिसले तर आत धूळ किंवा बुरशी आहे. भिंग हातानं पूर्ण झाकून एक फोटो काढा, त्यात रंगीत ठिपके चमकले तर ते बिघडलेले पिक्सेल. दोन-चार असतील तर सोडून द्या.

आणि एक दिलासा: पडद्यावर दिवा किंवा सूर्य आला की त्यातून वर-खाली जाणारी उभी उजळ रेघ दिसते. हा बिघाड नाही. सीसीडीतून विद्युतभार ओळीओळीनं सरकवत बाहेर काढताना तीव्र प्रकाश वाटेत मिसळतो, त्याची ती रेघ. फोटो घेताना शटर मिटतं, त्यामुळे फोटोत ती सहसा येत नाही. व्हिडिओत येते.

उजेडाचं गणित

या कॅमेऱ्यांत सर्रास आढळणारा सेन्सर ५.७६ मिमी रुंद आणि ४.२९ मिमी उंच असतो. फिल्मच्या कॅमेऱ्याची चौकट ३६ बाय २४ मिमीची, म्हणजे क्षेत्रफळानं जवळपास ३५ पट मोठी. पाच मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात या इवल्या जागेवर पन्नास लाख पिक्सेल बसवले की एकेकाची रुंदी उरते सुमारे २.२ मायक्रॉन. त्यावर पडणारा प्रकाश मुळातच थोडा. आयएसओ (कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेचा आकडा) वाढवलं म्हणून प्रकाश वाढत नाही, मिळालेला संदेश फक्त फुगवला जातो आणि त्याबरोबर चित्रातला दाणेदार गोंधळही फुगतो. म्हणून आयएसओ ५० किंवा १०० वर ठेवा, गरज पडली तर २००. ४०० ला सावल्यांत रंगीत चट्टे येतात.

आता हे घरातल्या परिस्थितीला लावून बघू. संध्याकाळी ट्यूबलाइट लावलेल्या दिवाणखान्यात आयएसओ १०० आणि भिंग पूर्ण उघडं, म्हणजे एफ २.८ धरलं, तर शटर १/५ ते १/१० सेकंद उघडं ठेवावं लागतं. हातात धरून न हलता फोटो यायला निदान १/४० हवं. म्हणजे गरजेच्या चौथ्या-आठव्या हिश्शाइतकाच प्रकाश उपलब्ध आहे. त्यात झूम पुढे नेला की भिंगाचं तोंड बारीक होऊन एफ ४.९ च्या आसपास येतं आणि प्रकाश आणखी एक तृतीयांश होतो. घरातले सगळे फोटो हललेले का येतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे. तेच दिवसा खिडकीजवळ उभं राहिलात तर १/२५ ते १/५० सहज मिळतं. बाहेर उन्हात १/५०० च्या पुढे जाता येतं आणि तिथे हा कॅमेरा खरोखर सुंदर काम करतो.

यातून दोन नियम निघतात. घरात किंवा रात्री झूम वापरू नका, दोन पावलं पुढे जा. आणि डिजिटल झूम मेनूतून कायमचा बंद करा, तो फक्त चित्र कापून ताणतो.

फ्लॅशची पोहोच लहान असते: झूम मागे असताना सुमारे तीन मीटर, पुढे नेल्यावर दोनच. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. सभागृहात दहाव्या रांगेतून रंगमंचावर टाकलेला फ्लॅश नाटकापर्यंत पोचतच नाही, समोरच्या रांगेतली डोकी तेवढी पांढरी होतात आणि प्रेक्षकांचा रसभंग होतो. मराठी नाटकाला जाताना तो बंदच करा.

गौरी-महालक्ष्मीच्या आरासीत फ्लॅश वेगळा घात करतो. जर, चांदीची भांडी आणि मागचा आरसा प्रकाश थेट परत फेकतात, आणि मुखवटे सपाट दिसतात. तिथे फ्लॅश बंद करा, कॅमेरा स्टुलावर किंवा डब्यांच्या चळतीवर ठेवा, सेल्फ-टाइमर लावा आणि बटण दाबून हात काढून घ्या. गौरी हलत नाहीत, त्यामुळे अर्धा सेकंद लागला तरी बिघडत नाही. बटण दाबताना बसणारा धक्का टाळण्यासाठीच टाइमर, दोन सेकंदांचाही पुरतो. व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे पांढरा रंग जुळवायची सोय) पिवळ्या दिव्यांना 'बल्ब', ट्यूबला 'फ्लुरोसंट' असा हातानं ठरवा. माणसंही हवी असतील तर फ्लॅश चालू ठेवा, पण त्यावर पांढऱ्या टिश्यू कागदाची एक घडी धरा आणि आरशासमोर सरळ न राहता तिरके उभे राहा.

राजवाड्याचा रात्रीचा फोटो याच रीतीनं येतो. समोरच्या बागेच्या कठड्यावर कॅमेरा उभा टेकवा, आयएसओ १००, फ्लॅश बंद, टाइमर. इंदुरातच नोकरीला असताना १८७४ च्या सुमारास नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी फोटोग्राफीला सुरुवात केली, तेव्हाच्या काचेच्या प्लेटांना सेकंदांच्या हिशेबात प्रकाश द्यावा लागे, आणि तिपाईशिवाय काम होतच नसे. छोट्या सेन्सरला रात्री तीच शिस्त लागते.

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झाक्या, म्हणजे गाड्यांवरचे सजवलेले देखावे, त्या मानानं सोप्या. झाकी स्वतःच दिव्यांनी उजळलेली असते, फ्लॅश टाकला तर उलट तिचे दिवे फिके पडतात आणि पुढच्या गर्दीच्या पाठी उजळतात. आयएसओ २००, झूम मागे, एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा कमी-जास्त करायची मेनूतली नोंद) उणे २/३, आणि गाडा क्षणभर थांबेल तेव्हाच बटण. उणे करायचं कारण असं की कॅमेरा भोवतीचा अंधार पाहून चित्र उजळवायला जातो आणि दिवे पांढरे फुटतात. एकदा पांढरं झालेलं परत आणता येत नाही, काळवंडलेलं थोडंफार येतं. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत कढईवरच्या वाफेलाही हेच लागू. दिवा वाफेच्या मागून येईल अशा जागी उभे राहा.

बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो ही तक्रार नेहमीची. कॅमेरा आधी फोकस शोधतो, त्यात अर्धा-एक सेकंद जातो. बटण अर्धं दाबून धरा, हिरवा दिवा स्थिर झाला की थांबा, आणि क्षण आला की उरलेलं दाबा. मग विलंब जवळजवळ राहत नाही. मुलांच्या धावण्याच्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर आधीच फोकस धरून ठेवायचा.

रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, मात्र बाहेर येणाऱ्या भिंगाचा कॅमेरा नेऊ नये. गुलालाची पूड भिंगाच्या नळकांड्यांमधल्या फटीत जाते, पाणी तिचा चिखल करतं, आणि पुढच्या वेळी भिंग अर्ध्यातच अडकून 'लेन्स एरर' येतं. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून, पाण्याचा मारा पोचत नाही तिथून काढा. अडकलंच तर सेल काढून ठेवा, भिंग खाली करून फटीभोवती रबरी पिचकारीनं हवा मारा, मग भरलेले सेल घालून सुरू करा. भिंग हातानं ओढू किंवा फिरवू नका, आतले प्लास्टिकचे दात तुटतात. आणि कॅमेरा कधीही उघडू नका. फ्लॅशचा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि सेल काढल्यावरही बराच वेळ जोरदार झटका देऊ शकतो.

'सीसीडीचे रंग'

हल्ली जुन्या कॅमेऱ्यांची किंमत 'सीसीडी'च्या नावावर चढवली जाते. सीसीडी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधला, त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेलही मिळालं. पण सीसीडीला रंग दिसत नाही. तो फक्त किती प्रकाश पडला ते मोजतो. रंग येतो त्याच्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या चौकटींच्या जाळीतून, जिचं पेटंट कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना १९७६ मध्ये मिळालं, आणि पुढे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या हिशेबातून. या फोटोंचं वेगळेपण खरं आहे, त्याची कारणं वेगळी आहेत. फोन अनेक फोटो मिळवून एक बनवतो आणि सावल्या उजळतो. हा कॅमेरा एकच फोटो घेतो आणि सावलीला सावली राहू देतो. शिवाय झेनॉन फ्लॅशची लखलख क्षणार्धाची असते, त्यामुळे हसू आणि उडणारे केस जागच्या जागी गोठतात. त्यासाठी पैसे द्या, तीन अक्षरांसाठी नको.

ठेवताना, उतरवताना, छापताना

पावसाळ्यात कॅमेरा सेल काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. कातडी पाउचमध्ये ओल धरते आणि भिंगाला बुरशी लागते. सिलिका जेलचे नारिंगी दाणे घ्या, ओल शोषली की ते हिरवट होतात आणि १२० अंशांवर तास-दोन तास तापवले की पुन्हा कामाचे. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर ठेवावेत.

फोटो उतरवायला जुन्या केबल आणि सीडी शोधत बसू नका. कार्ड रीडर घ्या, ओटीजीचा असेल तर फोनलाही लागतो. 'डीसीआयएम' फोल्डर कॉपी करा, दोन-चार फोटो उघडून बघा, मगच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. कार्डावर लिहिणं चालू असताना शेजारचा दिवा लुकलुकतो. तेव्हा झाकण उघडलं तर फोटो अर्धवट राहतात.

सेल काढल्यावर दरवेळी तारीख मागत असेल तर आतली तारखेची बॅटरी संपली आहे. काही मॉडेलांत ती चपटी गोल, बाहेरून बदलता येणारी असते, तिच्यावरचा नंबर वाचून तशीच आणा. इतरांत ती सोल्डर केलेली असते आणि मुख्य सेल दिवसभर आत ठेवले की थोडीफार भरते. तीही गेली असेल तर एक उपाय आहे: प्रत्येक समारंभात पहिला फोटो फोनवरच्या घड्याळाचा, तारखेसह, काढा. कॅमेऱ्याची नोंद आणि खरी वेळ यांतला फरक कळतो आणि एक्झिफटूल या मोफत सॉफ्टवेअरनं साऱ्या फोटोंच्या तारखा एकदम तेवढ्याच सरकवता येतात.

छापण्याचा हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेल म्हणजे १६०० बाय १२०० ठिपके. सहा इंच रुंदीवर ते इंचाला २६७ पडतात, म्हणजे चार बाय सहाचा फोटो उत्तम येतो. तीन मेगापिक्सेलवर पाच बाय सात, पाचवर आठ बाय दहाही चांगला. अडचण आकाराची आहे. कॅमेऱ्याची चौकट ४:३ आणि चार बाय सहाचा कागद ३:२, त्यामुळे उंचीचा सुमारे नववा भाग कापला जातो. उभ्या राहिलेल्या ओळीच्या फोटोत नेमकी डोकी किंवा पावलं जातात. फोटो काढतानाच वर-खाली मोकळी जागा सोडा. जुने फोटो छापायला देताना लॅबमध्ये 'फुल फ्रेम, कडेला पांढरी पट्टी चालेल' असं सांगा, आणि कार्ड देण्याऐवजी फोटोंची प्रत पेन ड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायचेच असतील तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ते आकसत नाहीत.